द्राक्षबागेचा व्हिडिओ गचके का खात होता

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा नानांच्या घरातली सगळी माणसं हॉलमध्ये येऊन बसली होती. वहिनींनी चहा आणला, नातवंडं अगदी पुढे सतरंजीवर. दिंडोरी तालुक्यातली त्यांची सहा एकर थॉमसनची बाग, जानेवारीअखेरची, घडांनी लगडलेली. ती ड्रोनने शूट करून मी चार मिनिटांची फिल्म केली होती. व्यापाऱ्याला पाठवायला आणि घरात आठवण म्हणून ठेवायला.

पहिला शॉट छान गेला. ड्रोन ओळीच्या दिशेने हळूहळू पुढे जातो, समोर दूरवर सातमाळ्याची डोंगररांग. दुसऱ्या शॉटमध्ये कॅमेरा सरळ खाली बघतोय आणि ड्रोन ओळींना आडवा जातोय, म्हणजे एकामागून एक ओळ पडद्यावरून सरकत जायला हवी. तिथे चित्र गचके खायला लागलं. सरकतंय, सरकतंय, मध्येच टुणकन पुढे. पुन्हा सरकतंय, पुन्हा टुणकन. पुढच्या शॉटमध्ये ड्रोन जागेवर गिरकी घेतो, तिथे तर मांडवाचे लोखंडी अँगल एकाचे दोन दिसत होते.

"काका, हे अडकतंय का?" धाकट्या नातवाने विचारलं.

"टीव्हीचं काही असंल," नाना लगेच म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हे कळत होतं. पण दोष टीव्हीचा नव्हता, आणि माझ्याकडे वेळही नव्हता. माल अकरा दिवसांनी काढणीला येणार होता. एकदा घड उतरले की बाग पुढच्या वर्षीपर्यंत तशी दिसत नाही. जे काही बिघडलंय ते त्या अकरा दिवसांत शोधायचं आणि गरज पडली तर पुन्हा शूट करायचं, असं ठरवून मी घरी आलो.

त्या रात्री मी जे केलं ते कुणी करू नये. सगळे शॉट निवडले आणि सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन लावलं. व्हिडिओ हलतोय म्हणजे स्थिर करा, इतका साधा विचार. दोन तास रेंडर झाल्यावर बघतो तर गचके होते तिथेच होते, वर कडेच्या ओळी पाण्यात ठेवल्यासारख्या डुलायला लागल्या होत्या. स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याचं हलणं भरून काढतं. माझा कॅमेरा हललाच नव्हता, ड्रोनवर कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलने त्याचं काम चोख केलं होतं. बिघाड वेगळ्याच जागी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसलो आणि 'व्हिडिओ हलतो' हे वाक्यच खोडून टाकलं. त्याऐवजी नक्की काय दिसतंय ते प्रत्येक शॉटपुढे लिहिलं. कुठे ठरावीक तालात गचका बसतोय. कुठे चित्र मध्येच क्षणभर थांबून पुढे जातंय, पण तालात नाही. कुठे सगळं चित्र जेलीसारखं थरथरतंय. कुठे गचका नाही, पण तारा आणि अँगल डोळ्यांसमोर तुटक उड्या मारत जातायत. लिहिल्यावर लक्षात आलं की आपण एका आजाराचं औषध शोधत होतो, आणि इथे चार आजार होते.

सगळ्यात सोपा आधी संपवला. मध्येच थांबणारे शॉट मी तीनदा चालवून बघितले आणि अडखळण्याची वेळ लिहून ठेवली. पहिल्यांदा सहाव्या सेकंदाला, दुसऱ्यांदा नवव्या, तिसऱ्यांदा अजिबात नाही. अडखळण्याची जागा दर वेळी बदलते म्हणजे दोष फाइलमध्ये नाही, कॉम्प्युटरचा दम कमी पडतोय. माझा ड्रोन फोर-के व्हिडिओ एच.२६५ या दाबून साठवण्याच्या पद्धतीत, दहा बिटवर साठवतो. फाइल लहान होते, पण उलगडायला जड जाते, आणि माझा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. त्या क्लिपच्या १०८० च्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, बनवून त्यांच्यावर एडिट केलं की हा त्रास उरत नाही. एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलवरूनच होतो. ही जागेची परीक्षा मी आता सगळ्यात आधी करतो: गचका दर वेळी त्याच जागी बसतो की फिरतो?

मेमरी कार्डाचाही संशय होता, तो साध्या हिशेबाने मिटला. ड्रोन सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. कार्डावर व्ही३० लिहिलंय, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. दुपटीपेक्षा जास्त जागा शिल्लक आहे. कार्ड सोडून दिलं.

आता तालातला गचका. हा मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण तो टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने मांडतो तिथे) होता, एक्स्पोर्टमध्ये होता, आणि मूळ क्लिप वेगळी उघडली की नव्हता. मी मॉनिटरच्या खालच्या कडेला मास्किंग टेपची पट्टी चिकटवली. आडव्या शॉटमधला एक लोखंडी अँगल धरला, तयार फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवायला लागलो आणि प्रत्येक फ्रेमला तो अँगल जिथे दिसतो तिथे पेन्सिलने रेघ मारत गेलो. वीस-एक रेघा झाल्यावर पट्टी काढून टेबलावर ठेवली. रेघांमधलं अंतर सारखं, सारखं, सारखं, सारखं आणि पाचवं बरोब्बर दुप्पट. पुन्हा चार सारखी, पाचवं दुप्पट.

पट्टी बघून डोक्यात उजेड पडला. मी फिल्म सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, टाइमलाइनवर केली होती, कारण लग्नांची सगळी कामं आम्ही २५ वरच करतो आणि तोच जुना प्रोजेक्ट कॉपी करून मी सुरुवात केली होती. ड्रोन मात्र ३० वर होता. ३० फ्रेम २५ च्या जागेत बसवायच्या तर सेकंदाला पाच फ्रेम कुठेतरी गेल्याच पाहिजेत. सॉफ्टवेअर काही न विचारता दर सहावी फ्रेम गाळत होतं. जिथे फ्रेम गाळली तिथे अँगलने दोन पावलांची उडी एकदम मारली. सेकंदाला पाच उड्या. नातवाला जे अडकताना दिसलं ते हेच.

सरळ पुढे जाणाऱ्या पहिल्या शॉटमध्येही फ्रेम तितक्याच गळल्या होत्या. पण तिथे समोरचं दृश्य सावकाश मोठं होत जातं, आडवं फार सरकत नाही, म्हणून डोळ्याला जाणवलं नाही. सोप्या शॉटवर बघून सेटिंग बरोबर आहे असं समजायचं नाही, हे तेव्हा पटलं. आता मी नेहमी सगळ्यात अवघड, आडव्या हालचालीचा शॉट आधी तपासतो.

मग मी फोल्डरमधल्या सगळ्या क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडल्या. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर फाइलचा खरा फ्रेम रेट सांगतं. ड्रोनच्या क्लिप २९.९७ च्या निघाल्या. आपण बोलताना ३० म्हणतो तो बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्यक्षात २९.९७ असतो. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा सिग्नल बसवण्यासाठी फ्रेम रेट किंचित कमी केला गेला, तो आकडा अजून आपल्या मागे आहे. जमिनीवरून काढलेल्या कॅमेऱ्याच्या क्लिप २५ च्या होत्या. आणि वहिनींनी घड कापताना मोबाइलवर घेतलेली एक गोड क्लिप होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, 'व्हेरिएबल'. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट वरखाली करतो. म्हणजे चार मिनिटांच्या फिल्ममध्ये तीन वेगवेगळ्या चाली एकत्र आल्या होत्या आणि त्या एका तालात चालाव्यात अशी माझी अपेक्षा होती. मोबाइलची क्लिप आधी स्थिर २५ वर कन्व्हर्ट केली, तिचा प्रश्न तिथेच मिटला.

ड्रोनच्या क्लिपसाठी एक फार चांगला मार्ग आहे आणि तो अजून पुष्कळ जणांना माहीत नाही. क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सॉफ्टवेअरला सांगायचं की ही फाइल ३० ची नाही, २५ ची समज. मग ते एकही फ्रेम गाळत नाही. सगळ्या फ्रेम ओळीने दाखवतं, फक्त सेकंदाला २५ दाखवतं. दहा सेकंदांची क्लिप बारा सेकंदांची होते, वेग ८३ टक्क्यांवर येतो. ड्रोनच्या शॉटला आवाज नसतो, आणि वरून दिसणारी बाग किंचित हळू सरकली तर उलट छानच वाटते. हे करून टेपची नवी पट्टी चिकटवली, पुन्हा रेघा मारल्या. सगळी अंतरं सारखी. त्या पट्टीकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. एका शॉटमध्ये ट्रॅक्टर फवारणीचा ब्लोअर घेऊन ओळीतून जातो. ८३ टक्क्यांवर तो थकल्यासारखा दिसतो, आणि ज्याने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलाय त्याच्या नजरेतून ते सुटणार नाही. चालणारी माणसं, वाहतं पाणी, गाड्या, जिथे खऱ्या वेगाची डोळ्याला सवय आहे तिथे हे जपून करायचं. तो शॉट मी यादीत 'पुन्हा घेणे' या रकान्यात टाकला.

गचके गेले, तरी माझ्या मॉनिटरवर काहीतरी खटकतच होतं. पट्टी म्हणते सगळं समान आहे, डोळा म्हणतो नाही. इथे अर्धा दिवस गेला. शेवटी कारण सापडलं ते मॉनिटरमध्ये. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. २५ ने ६० ला भागलं तर २.४ येतात, पूर्ण आकडा येत नाही. मग तो एक फ्रेम दोनदा दाखवतो, पुढची तीनदा, मग दोनदा, मग तीनदा. फाइल समान असूनही पडद्यावर फ्रेम कमी-जास्त वेळ थांबतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय होता, तो निवडला. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा, आणि चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. ज्यांच्या मॉनिटरला हा पर्याय नाही त्यांनी २५ ची फाइल टीव्हीवर बघितल्याशिवाय तिच्यावर मत बनवू नये.

यातूनच पुढचा प्रश्न आला, जो खरं तर उड्डाणाच्या आधीच विचारायला हवा होता. बघणारा कशावर बघणार आहे? नानांचा व्यापारी मोबाइलवर बघणार, घरचे टीव्हीवर. साध्या मोबाइलचा पडदा ६० हर्ट्झचा असतो, त्यावर ३० च्या फ्रेम प्रत्येकी दोनदा नीट बसतात, २५ च्या बसत नाहीत. आपल्याकडे टीव्हीचं प्रसारण पहिल्यापासून २५ च्या पद्धतीचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे इथले टीव्ही २५ आणि ५० व्यवस्थित दाखवतात. माझा आजचा निर्णय असा आहे: लग्न, मोठा एलईडी पडदा, टीव्ही, दोन-तीन कॅमेऱ्यांचं काम असेल तर सगळं २५. फक्त मोबाइलवर जाणारी एकट्या ड्रोनची रील असेल तर सगळं ३०. स्लो मोशन हवं असेल तर टाइमलाइनच्या बरोबर दुप्पट, म्हणजे २५ ला ५०, ३० ला ६०. सोमेश्वरच्या धबधब्याचं पाणी ५० वर घेऊन २५ वर ठेवलं की बरोबर अर्ध्या वेगाने पडतं आणि एकही फ्रेम वाया जात नाही. ६० वर घेऊन २५ च्या टाइमलाइनवर 'अर्धा वेग' म्हटलं की पुन्हा तीच फ्रेम गाळण्याची भानगड. २४ वर मी ड्रोन उडवत नाही. सिनेमा २४ वर असतो म्हणून आपणही तोच ठेवावा असा मोह पुष्कळांना होतो, पण सिनेमाचा कॅमेरामन आडवी हालचाल मोजूनमापून करतो, आणि बाकी सगळे कॅमेरे २५ वर असताना ड्रोनने एकट्याने वेगळं चालण्यात काही अर्थ नाही.

विजेच्या ५० हर्ट्झवरून आणखी एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी रामकुंडावर गोदाआरतीचं शूट होतं, हातात साधा कॅमेरा, ३० फ्रेम, शटर १/६० (म्हणजे प्रत्येक फ्रेमला ते सेकंदाचा साठावा भाग उघडं). घाटावरचे दिवे फुटेजमध्ये लुकलुकत होते. आपल्याकडचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये ही मंद-तेज आवर्तनं पूर्ण बसतात आणि लुकलुक थांबते. तेव्हा ३० वर शूट करत असलात तरी रात्री आपल्याकडे शटर १/५० ठेवा.

आता यादीतला चौथा आजार, तारांच्या तुटक उड्या. फ्रेम गळत नव्हत्या, मॉनिटर बरोबर होता, तरीही आडव्या शॉटमध्ये डोळा दुखत होता. क्लिपची माहिती बघितली. शटर १/१६००. सकाळी साडेनऊचं ऊन, ड्रोनचं अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफ २.८ वर कायम, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, सगळं ऑटोवर. उजेड जास्त म्हणून ड्रोनने आपणहून शटर वाढवलं होतं.

मी तो शॉट मापात मांडून बघितला. ड्रोन २० मीटर उंचीवर, कॅमेरा खाली, माझ्या लेन्समध्ये जमिनीचा साधारण ३० मीटर रुंद पट्टा मावतो. बाग नऊ बाय पाचवर लावलेली, दोन ओळींत नऊ फूट, म्हणजे एका वेळी अकरा ओळी पडद्यावर. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर. शूट ३० फ्रेमवर होतं, त्या हिशेबाने एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ड्रोन ३३ सेंटीमीटर सरकतो. पण १/१६०० सेकंद शटर उघडं असताना सरकतो तो जेमतेम सहा मिलीमीटर. म्हणजे तेहतीस सेंटीमीटरच्या प्रवासातले सहा मिलीमीटर कॅमेऱ्याने बघितले आणि बाकीचा काळ डोळे मिटून घेतले. प्रत्येक फ्रेममध्ये तार सुरीसारखी धारदार, आणि पुढच्या फ्रेममध्ये ती फोर-के पडद्यावर चाळीसेक पिक्सेल पलीकडे. मधलं काहीच नाही. डोळ्याला ती सरकताना दिसतच नाही, इथून तिथे उडी मारताना दिसते. शटर १/६० असतं तर तेवढ्या वेळात ड्रोन साधारण १७ सेंटीमीटर सरकला असता, तार तितकी पुसट पसरली असती, आणि त्या पुसटपणाने दोन फ्रेममधली अर्धी दरी भरली असती. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा हा जुना नियम मी कितीतरी वेळा ऐकला होता. तो का आहे, हे मला द्राक्षाच्या तारेने शिकवलं.

इतकी वर्षं मी व्हिडिओ मध्येच थांबवून फ्रेम किती शार्प आहे ते कौतुकाने बघायचो. फोटोची सवय. व्हिडिओत थांबवलेली फ्रेम कुणी बघत नाही.

हा दोष एडिटिंगमध्ये नीट दुरुस्त होत नाही. खोटा मोशन ब्लर घालून पाहिला, पण एकमेकांवरून जाणाऱ्या तारा, पानं आणि सावल्या यांच्यात सॉफ्टवेअर गोंधळतं आणि घडांच्या कडा फाटल्यासारख्या होतात. पुन्हा शूट करणं भाग होतं. नानांना फोन केला.

"ये की. पण शनिवारच्या आत ये, सोमवारी मजूर सांगितलेत."

शुक्रवारी पहाटे निघालो. दिंडोरी रोडला रामशेजचा डोंगर धुक्यात अर्धाच दिसत होता. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटवरचा नकाशा आदल्या रात्रीच पुन्हा बघून ठेवला होता. एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे देवळालीचा लष्करी परिसर, त्यामुळे नाशिकच्या आसपास जागा बघून घेतल्याशिवाय ड्रोन उडवू नये. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन (म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणारी जागा) असतो, त्यापलीकडच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत. मला २० मीटरवर काम होतं, पण नकाशा बघायचा तो बघायचाच.

एक शॉट जेलीसारखा थरथरत होता, त्याचं कारण बागेतच सापडलं. ड्रोन हातात धरून प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवलं. तीन पाती गुळगुळीत. चौथ्यावर टोकाजवळ नख अडकलं. ज्वारीच्या दाण्याएवढी खाच. मागच्या वेळी उतरवताना मांडवाची तार चाटून गेली असावी. एवढ्याशा खाचेने मोटर फिरताना कंप सुटतो. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून एकाच फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या भागाला तो कंप वेगवेगळा लागतो आणि चित्र लिबलिबतं. शटर जलद असेल तर ते जास्तच उठून दिसतं. त्या मोटरची पात्यांची जोडी बदलली. मग पंपहाउसच्या सपाट ओट्यावर ठेवून गिंबल कॅलिब्रेट केला. फिल्टर मात्र ड्रोन चालू करण्याआधीच लावायचा. चालू झाल्यावर हाताने गिंबलशी खेळलं की तो ताणाची सूचना देतो.

फिल्टर म्हणजे एनडी फिल्टर, कॅमेऱ्याचा गॉगल. त्याचं गणित सोपं आहे. एनडी४ ने उजेड चौपट कमी, एनडी८ ने आठपट, एनडी१६ ने सोळापट. सव्वाआठला फिल्टर न लावता शटर १/८०० दाखवत होतं. ८०० भागिले १६ बरोबर ५०. एनडी१६ लावला, शटर १/५० वर लॉक. नऊनंतर १/१६०० झालं, मग एनडी३२. भर दुपारी १/३२०० च्या आसपास जातं, तेव्हा एनडी६४ लागतो. व्हाइट बॅलन्सही लॉक केला, नाहीतर मध्येच रंग बदलतो.

आणि वेग. कॅमेरामन लोकांत एक अंदाज चालतो की एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद लागावेत. ३० मीटरचा पट्टा, सात सेकंद, म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या जरासं वर. मी चार धरला. आधीच्या १० मीटरपुढे हा वेग इतका कमी वाटतो की उडवताना अंगठा आपोआप पुढे ढकलला जातो. ड्रोन सिनेमा मोडवर ठेवला, म्हणजे स्टिक दाबली तरी तो झटका घेत नाही. गिरकीचाही तसाच हिशेब: कॅमेऱ्यात साधारण ७४ अंश मावतात, ते सात सेकंदांत, म्हणजे पूर्ण चक्कर पस्तीस सेकंदांची. आधी मी ती दहा सेकंदांत मारली होती. अँगल एकाचे दोन दिसणारच.

नाना शेजारी उभे राहून कंट्रोलरच्या पडद्यात बघत होते. "लई हळू चाललंय," म्हणाले. मीही मनात तेच म्हणत होतो, पण आकडे धरून ठेवले. ड्रोन २५ वर, शटर १/५०. ब्लोअरचा ट्रॅक्टरही त्याच सेटिंगवर, खऱ्या वेगात.

घरी येऊन जुने तीन शॉट काढून नवे बसवले. टाइमलाइन २५, सगळ्या क्लिप २५. टेपची पट्टी या वेळीही चिकटवली. रेघा मारायला थोडा त्रास झाला, कारण अँगलच्या कडा आता पुसट होत्या, पण अंतरं सारखी आली. व्यापाऱ्याच्या मोबाइलसाठी वेगळी ३० ची फाइल करावी का, यावर बराच विचार केला. नाही केली. २५ चं ३० करायचं तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे गाळण्याचा गचका जाऊन थबकण्याचा गचका येतो. चार मीटरच्या वेगाला मोबाइलवर २५ ची फाइल अगदी चांगली दिसत होती. शूट झाल्यावर फ्रेम रेट बदलायचा नाही, हे मी आता पाळतो. कुठलंही काम असलं की आदल्या रात्री दुसऱ्या कॅमेरामनला फोन करून आधी हेच विचारतो, "किती फ्रेमवर आहेस?"

रविवारी संध्याकाळी पुन्हा तोच हॉल, तीच सतरंजी. या वेळी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग आधी बंद केलं. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालत होता आणि अँगलभोवती वलयं पडत होती, ती त्यातलीच. मग फिल्म लावली. आडवा शॉट आला. एकेक ओळ एका कडेने आली, पडद्यावरून सावकाश सरकली, दुसऱ्या कडेने गेली. कुणी काही बोललं नाही.

"थांब, थांब," नाना अचानक पुढे झुकले. "जरा मागं घे."

मी मागे घेतलं आणि त्या जागी थांबवलं.

"ती बघ, पाइपलाइनच्या अंगाला, दोन झाडं मेलीत काय?" ते उठून टीव्हीजवळ गेले. थांबलेल्या चित्रात ओळी पुसट दिसत होत्या, तारांच्या कडा विरघळलेल्या. त्यांनी चष्मा वर-खाली केला, बोट ठेवून बघितलं, मान हलवली.

"थांबल्यावर नाही दिसत. चालू दे."

मी चालू केलं. ओळी पुन्हा सरकायला लागल्या आणि त्यांनी सरकत्या चित्रावर बोट ठेवून ती दोन झाडं वहिनींना दाखवली.